‘बाबांना मात्र काही सांगू नका’

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे. महिन्यापूर्वी कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरलं. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि सुईची तपासणी झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. मुलगा अमेरिकेत आहे. धावपळ धायरीला राहणारी मुलगी करते. तिने कॅन्सरच्या डॉक्टरांना केबिनच्या दारात गाठून विनंती केली, “बाबांना यातलं काही सांगू नका, ते खचतील.” डॉक्टर म्हणाले, “मी स्वतःहून विषय काढणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तिला फार राग आला. ती विचारते: डॉक्टरांना असं वागता येतं का? घरच्यांच्या म्हणण्याला काहीच किंमत नाही का? आणि सांगायचंच ठरलं तर कोणी आणि कसं सांगायचं? आईलाही अजून “काविळीची गाठ” एवढंच सांगितलेलं आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुमच्या डॉक्टरांची भूमिका बरोबर आहे. पण ती त्यांनी दारात उभ्याउभ्या ऐकवली आणि तुम्हाला तिथेच सोडून दिलं, हे चुकलं. त्यांनी तुम्हाला बसवून एक प्रश्न विचारायला हवा होता: “बाबांना कळलं तर काय होईल अशी भीती वाटते तुम्हाला?” तुमच्याकडे त्याचं उत्तर नक्की असणार. ते जेवण सोडतील, उपचार नाकारतील, जिवाचं काही बरंवाईट करून घेतील, किंवा त्यांना रडताना बघणं तुम्हाला सोसणार नाही. यातल्या प्रत्येक भीतीवर वेगळं काहीतरी करता येतं. पण ती कोणी विचारलीच नाही, तर उरतं ते फक्त “सांगा” आणि “नका सांगू” एवढं भांडण.

मी पुण्यात तीस वर्षांहून जास्त काळ फिजिशियन म्हणून काम करते आहे. ही विनंती महिन्यातून एकदा तरी माझ्यापुढे येतेच. पेशंट वजनकाट्यावरून उतरून चपला घालत असतो, तेवढ्यात मुलगा नाहीतर जावई फाईल छातीशी धरून पडद्याच्या अलीकडे येतो आणि ओठांवर बोट ठेवतो. कधी आदल्या रात्री मेसेज येतो, “मॅडम, उद्या पप्पांसमोर तो शब्द काढू नका.” असं म्हणणारा एकही माणूस मला वाईट वाटलेला नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यावरचा घाव आपल्या अंगावर घ्यायची ती धडपड असते. तुमचीही तीच आहे. तरीही आज मी त्या विनंतीला हो म्हणत नाही. त्याचं कारण सांगते.

१९९४ सालची गोष्ट. मी नुकताच स्वतःचा दवाखाना सुरू केला होता. अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकबांधणीचं काम करणारे एक काका पोटदुखीसाठी आले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. एंडोस्कोपीत जठराचा कॅन्सर निघाला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. थोरल्या मुलाने माझ्यापुढे हात जोडले. मी काकांना सांगितलं, अल्सर आहे. अल्सर म्हटल्यावर पथ्य आलंच. तिखट नको, तळलेलं नको, मटण-मासे बंद, चहा बंद, मऊ भात आणि ताक. ते मी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं, कारण नसतं दिलं तर त्यांना संशय आला असता.

त्यांनी ते पथ्य तंतोतंत पाळलं. दर पंधरा दिवसांनी येऊन समोर बसायचे. नखांच्या कडांना खळ वाळलेली असायची. विचारायचे, “मॅडम, चहाचा घोटसुद्धा घेत नाही. तरी गुण का येत नाही? माझं कुठे चुकतंय?” मी म्हणायचे, वेळ लागतो. चार महिन्यांनी ते गेले. पुढे त्यांच्या पत्नी विम्याच्या फॉर्मवर माझी सही घ्यायला आल्या. फॉर्मवर मला आजाराचं खरं नाव लिहावं लागलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे पथ्याचा काही उपयोग नव्हता?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “शेवटच्या आठवड्यात मटणाचा रस्सा मागत होते. मी दिला नाही. तुमचा कागद दाखवला त्यांना.”

त्या बाईंनी मला एक शब्द लावला नाही. मीच तेव्हापासून तो कागद विसरू शकलेले नाही. आजाराचं नाव बदललं की त्यामागून पथ्य बदलतं, औषधाचं कारण बदलतं, पुढच्या तारखेचं कारण बदलतं, आणि पेशंट स्वतःला दोष द्यायला लागतो की मीच कुठेतरी कमी पडतोय. तुमच्या बाबांना आज “काविळीची गाठ” सांगितली आहे. कोणीतरी त्यांना तेल-तूप बंद करून उसाचा रस द्यायला सुरुवातही केली असेल. स्वादुपिंडाच्या आजारात वजन झपाट्याने उतरतं आणि खाल्लेलं, विशेषतः तुपातेलाचं, नीट पचत नाही. त्यासाठी पाचकरसाच्या गोळ्या असतात, त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. अशा माणसाला काविळीच्या पथ्यावर ठेवणं म्हणजे आहे ती ताकदही काढून घेणं.

आता दुसरी गोष्ट. बाबांना काहीच माहीत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. सीटीचा रिपोर्ट कोणाच्या मोबाइलवर आला? हल्ली लॅबमध्ये नाव नोंदवताना पेशंटचाच नंबर दिला जातो आणि रिपोर्टची लिंक थेट त्याच्या फोनवर येते. ज्या डॉक्टरांकडे तुम्ही नेता त्यांच्या दारावर काय लिहिलंय? बाहेरच्या बाकावर डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायका बसलेल्या असतात. तुम्ही स्वयंपाकघरात फोनवर बोलत असता आणि बाबा पाणी प्यायला आत आले की बोलणं थांबतं. एकाहत्तर वर्षं जगात वावरलेल्या माणसाला एवढ्यावरून कळत नसेल असं मला वाटत नाही. माझ्या ओपीडीत कितीतरी पेशंट नातेवाईक औषधं आणायला खाली गेले की हळूच विचारतात, “कॅन्सरच आहे ना? पोरांना सांगू नका मी विचारलं म्हणून. त्यांना वाईट वाटेल.” दोन्ही बाजू एकमेकांना जपत असतात आणि दोन्ही बाजू एकेकट्या पडतात.

“आपल्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत, ही पाश्चात्त्य पद्धत आहे,” असं मला डॉक्टर मित्रांनीही ऐकवलं आहे आणि चरकाचा दाखला दिला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थान नावाच्या भागात वैद्यकी शिकायला आलेल्या शिष्याला केलेला उपदेश आहे, त्यात हे आहे हे खरं. पण तो पूर्ण वाचावा. तिथे म्हटलं आहे की रोग्याचं आयुष्य थोडं उरलं आहे हे ठाऊक असलं तरी, जिथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला घात होईल, तिथे ते सांगू नये. म्हणजे गोष्ट आयुष्य किती उरलं याची आहे, आणि “जिथे घात होईल तिथे” अशी अट आहे. माणूस पारखून वैद्याने ठरवायचं आहे. सरसकट रोगच लपवावा असं त्यात नाही. त्याच उपदेशात रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असंही बजावलेलं आहे, आणि ते आपण पार विसरलो आहोत. आजार चुलतभावांना, सोसायटीतल्या दोन-तीन घरांना आणि अमेरिकेतल्या मित्रमंडळींना कळलेला असतो, आणि ज्याच्या पोटात तो आहे त्यालाच कळलेला नसतो. ती माहिती मुळात त्याची आहे. मुलांना आधी सांगायची की नाही, हे खरं तर आम्ही डॉक्टरांनी त्याला विचारायला हवं.

डॉक्टरांना असं वागता येतं का, या तुमच्या प्रश्नाचं नियमांतलं उत्तरही देते. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ सालची आचारसंहिता सांगते की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना त्यांच्या हिताचं असेल तेवढं कळलं आहे, याची खात्री करावी. त्यातल्या “किंवा”चा आधार घेऊन वर्षानुवर्षं नातेवाइकांनाच सांगितलं गेलं. पण उपचारांची संमती आली की तो आधार टिकत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. दिल्लीच्या एका बाईंनी फक्त दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना त्यांच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने, तातडीची वेळ नसताना, आई संमती देऊ शकत नाही. आणि संमती घेताना उपचार काय, कशासाठी, फायदा किती, धोका किती आणि दुसरा पर्याय काय, हे पेशंटला पुरेसं सांगितलेलं असलं पाहिजे. तुमच्या बाबांना केमो द्यायची झाली तर संमतीपत्रावर त्यांची सही लागेल. आजाराचं नाव झाकून घेतलेल्या सहीला संमती कशी म्हणायची?

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर डॉक्टरांनी त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात, हे त्याच आचारसंहितेत आहे. दुसरं मत घ्यायचं असेल तर संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता कसं सांगायचं. इथे मी जरा थांबून बोलते, कारण खरं काम इथेच आहे. आम्ही शिकलो तेव्हा हे कोणी शिकवलंच नव्हतं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीती यांचा वेगळा भाग २०१९ साली आला. माझ्या पिढीने हे पेशंटच्या जिवावर शिकून घेतलं आहे.

तुमच्या बाबांसारखाच आजार असलेले एक काका काही वर्षांपूर्वी माझ्याकडे यायचे. खडकीच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. कावीळ झाली होती, ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, टाकला होता. मुलाने मला तुमच्यासारखीच गळ घातली. मी त्याला म्हटलं, “मी आपणहून काही लादणार नाही. किती कळायला हवंय हे मी त्यांनाच विचारते. तू शेजारी बस.” तो कसाबसा तयार झाला. ओपीडी संपल्यावर, दीडच्या सुमाराला त्यांना बोलावलं. फोन बंद केला, टेबल मध्ये नको म्हणून स्टूल ओढून त्यांच्या बाजूला बसले. काकूही होत्या.

“काका, आत्तापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?”

“कावीळ आहे. नळी टाकली.”

“आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

त्यांनी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, “कावीळ तर उतरली. मग वजन का उतरतंय?”

“माझ्याकडे सगळे रिपोर्ट आहेत. काही जणांना सगळं बारकाईने कळलेलं हवं असतं, काही जण म्हणतात घरच्यांशी बोला. तुमचं कसं?”

“मी छत्तीस वर्षं फिटर होतो. मशीन उघडल्यावर आत काय दिसलं ते सांगा.”

मी म्हटलं, “रिपोर्ट आपल्याला हवे होते तसे आलेले नाहीत.” आणि थांबले. हे थांबणं महत्त्वाचं. एकदम नाव घेतलं तर माणूस पुढचं काहीच ऐकत नाही. एवढं वाक्य बोलून थांबलं की तो आतून तयार होतो आणि पुढचं स्वतः विचारतो. काका म्हणाले, “म्हणजे?”

“स्वादुपिंडात गाठ आहे. ती कॅन्सरची आहे.”

“कॅन्सर” हा शब्द एकदा स्पष्ट उच्चारावा. “गाठ चांगली नाही”, “जरा वेगळ्या पेशी दिसतात” असं बोललं की प्रत्येक जण त्यातून आपापला अर्थ काढतो. पण तो शब्द उच्चारल्यावर आपण गप्प बसावं. मी गप्प बसले. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. बऱ्याच वेळाने काकांनी टेबलावरचा केसपेपर उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “काढून दाखवा.” मी वेडंवाकडं चित्र काढलं: यकृत, पित्तनलिका, स्वादुपिंडाचं डोकं. त्यांनी खिशातलं पेन काढून माझं चित्र दुरुस्त केलं. “म्हणजे नळी आतून चोकअप नव्हती. बाहेरून दाबली गेली होती. तुम्ही आत स्लीव्ह घातलीत. पण दाबणारी वस्तू जागेवरच आहे.” इतकं नेमकं मी आजवर कोणाला समजावून सांगितलं नव्हतं.

“ती काढता येत नाही?”

“नाही. यकृतात पसरली आहे. केमोने काही काळ आटोक्यात ठेवता येईल. पूर्ण बरी होणार नाही.”

ते मुलाकडे वळले. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“तीन आठवडे.”

“तीन आठवडे एकटाच घेऊन फिरतोयस होय रे.”

किती दिवस उरले, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढच्या भेटीत विचारलं. मी म्हटलं, “नेमका आकडा कोणालाच सांगता येत नाही, आणि मी तो सांगणार नाही. पण बेत करताना वर्षांचे करू नका, महिन्यांचे करा.” त्यांनी मान हलवली. आणि त्यांनी केलं काय, तर शंभरपानी वही आणली. सोसायटीचे हिशेब त्यांच्याकडे होते, ते आधी दुसऱ्याकडे सोपवले. मग वहीत काकूंसाठी एकेक पान लिहायला घेतलं. गॅसचा नंबर कसा लावायचा. वीजबिल कुठल्या तारखेला येतं. एटीएममध्ये कार्ड कुठल्या बाजूने घालायचं, त्याचं चित्र. फॅमिली पेन्शनला कुठले कागद लागतील, आणि लाल शाईत: “दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला.” रोज दुपारी काकूंकडून एकेक गोष्ट करून घ्यायचे. चुकल्या तर पुन्हा. काकू ती वही घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, तेव्हा मी ती बघितली. सात महिने मिळाले त्यांना. त्यात त्रास होता, रडणं होतं, दोन केमोनंतर “आता पुरे” म्हणणंही होतं. पण ते “पुरे” त्यांचं स्वतःचं होतं.

म्हणून ताई, “सांगायचं की नाही” हा प्रश्न तुम्ही आणि भावाने बसून सोडवायचा नाहीच. तो बाबांना विचारायचा आहे. सगळेच जण फिटरकाकांसारखं उत्तर देत नाहीत. भोरहून येणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, “बाई, मला नको सांगूस. सुनेला सांग, ती करील ते बरोबर.” तोही त्यांचा हक्कच होता. मी ते केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आणि अधूनमधून विचारत राहिले, “आजी, आता काही विचारायचंय का?” शेवटपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना अंधारात ठेवलं असं मला कधी वाटलं नाही, कारण अंधारात राहायचं की उजेडात हे त्यांनी ठरवलं होतं.

अपवाद आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रोज नव्याने तोच धक्का देण्यात अर्थ नाही. बाबांना पूर्वी नैराश्यासाठी औषधं चालू होती किंवा त्यांनी कधी जिवाचं काही करून घ्यायचा प्रयत्न केला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. तेव्हाही लपवायचं असं नाही, पण सांगण्याची वेळ आणि पद्धत मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने ठरवावी लागते. “ते मनाने हळवे आहेत” एवढं कारण मात्र मला पुरेसं वाटत नाही. हळव्या माणसाला जास्त सांभाळून सांगावं, एवढाच त्याचा अर्थ.

आईबद्दल मला थोडं रागावून बोलायचं आहे, माफ करा. तुमच्या प्रश्नात ती ओझरती एका वाक्यात आली आहे. रात्री दोनला बाबा पोटातल्या कळीने उठून पुढे वाकून बसतील तेव्हा पाठीला हात लावून जागी बसणारी ती आहे. गोळ्या मोजून देणारी ती, आणि पुढे त्या घरात एकटी राहणारीही ती. आपल्या घरांत मुलं वडिलांना जपायला म्हणून आईला लहान मूल करून टाकतात. बायका नंतर माझ्यासमोर बसून एकच म्हणतात, “मला का नाही सांगितलं? मी काय परकी होते?” बाबांच्या भेटीआधी आईला सांगा. आज रात्री सांगा. बाबांच्या कानावर आधी जावं असं मी एरवी म्हटलं असतं, पण तुम्हाला, भावाला आणि कदाचित तुमच्या काकांना माहीत असताना एकट्या तिला वगळणं आता कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

भाऊ रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉलवर येत असेल आणि इंटरनेटवरचं काहीतरी वाचून “हे का नाही केलं” विचारत असेल. त्याच्यावर चिडू नका. लांब असणाऱ्याला हाताने काही करता येत नाही, म्हणून तो प्रश्न विचारतो. डॉक्टरांच्या भेटीत त्याला एकदा फोनवर घ्या, म्हणजे त्यांचं म्हणणं त्याला तुमच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

सांगून झाल्यावर काय, हा भाग आमच्यातले बरेच डॉक्टर वाऱ्यावर सोडतात. “आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या” हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं तर ते खरं मानू नका. बरं करता येत नसलं तरी करण्यासारखं पुष्कळ असतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारं केंद्र, १९९७ पासून आहे, तिथली सेवा विनामूल्य असते. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. केमो चालू असतानाच तिथे नाव घाला. या आजारात दुखणं पाठीत शिरतं आणि रात्री वाढतं. त्याला साध्या गोळ्या पुरल्या नाहीत तर मॉर्फिन असतं, आणि पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊनही कळ कमी करता येते. मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची तशी भीती बाळगू नका. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती असं औषध गरजूंपर्यंत पोचणं सोपं व्हावं म्हणूनच.

आणखी एक. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, आयसीयूत ठेवायचं की घरी, हे माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. हे फक्त बाबाच करू शकतात, आणि आजार माहीत असेल तरच नीट विचार करून करू शकतात. नाहीतर कधीतरी मध्यरात्री आयसीयूच्या दाराशी कोणीतरी फॉर्म पुढे करेल आणि तो निर्णय तुम्हाला एकटीला घ्यावा लागेल.

आता तुम्ही काय करायचं ते. डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन करून सांगा की तपासायला नको, बोलायला वेळ हवी आहे, ओपीडीच्या शेवटी अर्धा तास. त्याचे वेगळे पैसे घेतले तरी द्या. डॉक्टरांना आधी मेसेज करा: “मी त्या दिवशी सांगू नका म्हटलं होतं. आता आमचं म्हणणं असं आहे की बाबांना किती कळायला हवंय ते तुम्ही त्यांना विचारा. आम्ही सोबत बसू.” ते तयार झाले नाहीत, किंवा त्यांना वेळच नसेल, तर तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. वीस वर्षं सर्दी-खोकल्याला ज्यांच्याकडे जातो त्यांच्या तोंडून ऐकणं पुष्कळदा सोपं जातं. घरी तुम्ही स्वतः एकटीने सांगू नका. पुढचा प्रश्न उपचारांचाच येतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

घाईही नको. स्टेंट टाकल्यावर कावीळ पुरेशी उतरल्याशिवाय केमो सहसा सुरू करत नाहीत, म्हणजे मध्ये थोडे दिवस मिळतात. सणाच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका. मधल्या काळात बाबांनी अचानक, टीव्ही बघता बघता विचारलं, “मला नक्की काय झालंय गं?” तर “काही नाही हो बाबा” म्हणू नका. “मलाही पूर्ण कळलेलं नाही, गुरुवारी आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू” म्हणा. हे खोटं नाही, आणि त्यांना कळेल की तुम्ही दार बंद केलेलं नाही.

जाताना पाण्याची बाटली आणि मागचे सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा. आणि त्या दिवशी गाडी तुम्ही चालवू नका. रिक्षा करा, नाहीतर कोणाला तरी चालवायला घ्या, म्हणजे येताना तुम्हाला मागे बाबांच्या शेजारी बसता येईल.